सर्वच कथा, तर मग विचारणारा कोण?

नोकरीपायी परमुलखात पडलेल्या माणसाला अन्नाइतकीच वादाचीही भूक लागते. दिवसभर कचेरीत दुसऱ्याच्या टिपणीवर टिपणी लिहावी आणि संध्याकाळी मराठी बोलणारी चार डोकी एकत्र आली की तुंबलेली वाणी मोकळी करावी, हा आम्हां रायपूरकर मराठी मंडळींचा नित्यक्रम. गणेशोत्सवाच्या दिवसांत अशीच एका स्नेह्याच्या घरी बैठक जमली होती. बोलता बोलता विषय महाभारतावर आला. यजमानांची नववीत शिकणारी कन्या चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने एकाएकी विचारले, "द्रौपदीच्या प्रश्नाचे उत्तर भीष्मांना येत नव्हते, की द्यायचे नव्हते?"

प्रश्न लहान होता, पण बैठकीला चांगलाच झोंबला. एका वृद्ध गृहस्थांनी, पितामहांविषयी असे बोलू नये, म्हणून तिला समजावले. दुसरे एकजण, या सगळ्या भाकडकथा असताना त्यांतील पात्रांची उलटतपासणी कशाला, म्हणून हसले. आणि मग आमच्यातील एका सुविद्य, बहुश्रुत गृहस्थांनी शेवटचा निवाडा दिला. ते म्हणाले, "अहो, उत्तर-आधुनिक पंडितांनी हा वादच मिटवून टाकला आहे. पुराण ही कथा, तत्त्वज्ञान ही कथा, तर्क आणि विज्ञान याही कथाच. मग एका कथेने दुसरीला जाब विचारायचा अधिकार आणला कोठून? ज्याची कथा त्याला खरी!" सर्वांनी माना डोलावल्या. श्रद्धाळूंना वाटले, आपली श्रद्धा वाचली. संशयवाद्यांना वाटले, आपला संशय वाचला. मुलगी मात्र रिकामा ट्रे घेऊन आत गेली, ती पुन्हा बाहेर आली नाही.

तो ट्रे आत गेल्यापासून आमच्या मनाला स्वस्थता नाही. त्या निवाड्याविरुद्धचे आमचे अपील आम्ही या मासिकाच्या वाचकांपुढे दाखल करीत आहोत. आम्ही पंडित नव्हे. विद्यापीठाची पदवी पदरी असलेले केंद्र सरकारचे एक कारकून आहोत. पण "सर्वच कथा" या मंत्राचा जो उपयोग आज सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांतून चालला आहे, तो त्या मंत्राच्या कर्त्यांना अभिप्रेत नव्हता, हे सांगण्यास पांडित्य लागत नाही. त्यांचे म्हणणे जरा नीट वाचावे लागते, इतकेच.

प्रथम प्रतिपक्षाला त्याचे न्याय्य माप देऊ. पुराणकथा आणि तत्त्वज्ञान यांची फारकत पाश्चात्त्यांनी ग्रीकांपासून मानली. 'मुथॉस' म्हणजे सांगितलेली कथा आणि 'लोगॉस' म्हणजे हिशेब देणारे, कारण दाखविणारे बोलणे. (आपण ज्याला आज 'मिथक' म्हणतो त्याचे कुळ हे 'मुथॉस', कानाला जवळचे वाटते म्हणून आपल्या 'मिथ्या' शब्दाचा डाग त्याला विनाकारण लागला आहे.) तत्त्वज्ञान पुराणकथेचा त्याग करून सज्ञान झाले, अशी ही प्रतिष्ठित समजूत. पण ज्या प्लेटोने आपल्या आदर्श नगरातून कवींना बाहेर घालविले, त्यानेच त्या ग्रंथाचा शेवट कशाने केला? रणात पडून मृतांच्या लोकातून परत आलेल्या एर नावाच्या शिपायाच्या कथेने! पुढच्या दाराने घालविलेली कथा मागच्या दाराने आत येऊन थेट सिंहासनाशेजारी बसली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील फ्रेंच विचारवंतांनी नेमके हे मागचे दार दाखवून दिले. रोलाँ बार्थ यांनी १९५७ साली दाखविले की पुराणकथा ही काही केवळ प्राचीनांची मिरासदारी नव्हे. वर्तमानपत्रातील छायाचित्र, जाहिरात, कुस्तीचा फड यांतूनही ती रोज जन्म घेते, आणि तिचे कार्य एकच: जे माणसांनी इतिहासात घडविले, त्याला निसर्गाचे रूप देऊन 'हे असेच असते' असे भासविणे. जाक देरिदा यांनी १९७१ साली 'श्वेत पुराणकथा' असे नाव देऊन पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या वर्मावर बोट ठेवले. तत्त्वज्ञानाचे अमूर्त शब्द एके काळी चित्रे होती, रूपके होती. फिरून फिरून गुळगुळीत झालेल्या नाण्याप्रमाणे त्यांवरील मुद्रा पुसली गेली, आणि गोऱ्या माणसाने आपल्या त्या पुसट पुराणकथेलाच विश्वाची बुद्धी मानले. पुढे १९७९ साली ज्याँ-फ्राँस्वा ल्योतार यांनी तो प्रसिद्ध सिद्धान्त मांडला: मानवजातीची अखंड प्रगती, बुद्धीचा अंतिम विजय, इतिहासाच्या शेवटी सर्वांची मुक्ती, या महाकथांवरील विश्वास उडणे हेच उत्तर-आधुनिकतेचे लक्षण. आमच्या सरकारी वाचकांना मौज वाटेल की हा युगप्रवर्तक ग्रंथ मुळात एक अहवाल होता. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या सरकारी विद्यापीठ मंडळासाठी तो लिहून दिलेला होता. अहवाल फाइलीतून उठून जगभर गाजावा, असे भाग्य आमच्यापैकी कोणाच्या लेखणीला लाभले आहे?

हे सर्व आम्हांस मान्य आहे. नुसते मान्य नव्हे, त्याचे आम्ही ऋणी आहोत. ज्या देशाच्या ज्ञानाला दीडशे वर्षे 'दंतकथा' म्हणून हिणविले गेले, त्या देशाच्या माणसाने, हिणविणाऱ्याच्या बुद्धीतही दंतकथा दडलेली आहे, हे ऐकून मनातून सुखावू नये, ही अपेक्षा अमानुष आहे. परंतु सुख वेगळे आणि निष्कर्ष वेगळा. 'तत्त्वज्ञानातही कथा आहे' या विधानातून 'म्हणून कोणत्याही कथेला प्रश्न विचारू नये' हे विधान निघते कसे? न्यायाधीश हाही माणूसच, असे सिद्ध झाले म्हणून चोराची सुटका होत नाही. फार तर न्यायाधीशाचीही चौकशी सुरू होते. उत्तर-आधुनिकांनी चौकशी वाढविली. आमच्या सुविद्य मित्रांनी ती बंद केली आणि निकालपत्रावर सही मात्र उत्तर-आधुनिकांची ठोकली!

आमच्या धंद्यातील दाखला देतो. प्रत्येक फाइलीला दोन अंगे असतात, एक टिपणीचे आणि दुसरे पत्रव्यवहाराचे. टिपणीच्या अंगात लिपिक एक लिहितो, अधीक्षक दुसरे, अधिकारी तिसरे. प्रत्येकाची टिपणी म्हणजे एक कथाच. कोण कोणत्या खुर्चीवरून पाहतो यावर तिचा रंग ठरतो. टिपणीवाचून प्रकरण उभेच राहत नाही, हेही खरे. पण पलीकडे पत्रव्यवहाराच्या अंगात अर्जदाराचा अर्ज असतो, पावती असते, तारखेचा शिक्का असतो. ते कागद बोलत नाहीत. मात्र टिपणी खोटी असेल तर तिला अडवितात. आता समजा, उद्या कोणी फर्मान काढले की सर्व टिपण्या सारख्याच खऱ्या, एकीने दुसरीला खोडू नये. काय होईल? समता येईल काय? मुळीच नाही. जेथे कोणतीच टिपणी दुसरीला खोडू शकत नाही, तेथे ज्याची सही शेवटची त्याची टिपणी खरी ठरते, आणि अर्जदार दाराशी बसून राहतो. 'ज्याची कथा त्याला खरी' हे वाक्य ऐकायला उदार आहे. व्यवहारात त्याचा अर्थ 'ज्याची सत्ता त्याची कथा खरी' असाच होतो.

स्वतः ल्योतार यांना हा धोका दिसला नव्हता, असे नाही. १९८३ सालच्या आपल्या पुढील ग्रंथाचा आरंभच त्यांनी, हिटलरशाहीतील विषारी वायूच्या कोठड्या नव्हत्याच असे म्हणणाऱ्यांच्या युक्तिवादापासून केला. त्या कोठडीत जो मेला तो साक्षीला येऊ शकत नाही, आणि जो वाचला तो आत गेला नव्हता; तेव्हा साक्षीदार नाही, म्हणून कोठडीही नाही, असा तो कुतर्क. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आपला अन्याय सिद्ध करण्याची भाषाच उरू नये, या अवस्थेची चिंता हा त्या ग्रंथाचा गाभा आहे. महाकथांवर अविश्वास शिकविणारा माणूस, सर्व कथा सारख्या, असे म्हणत नव्हता. ज्या कथेने दुसऱ्याची वाचा बंद होते, त्या कथेकडे बोट दाखवीत होता. आमच्या मित्रांनी त्याच्या पहिल्या ग्रंथाचे पहिले पान घेतले आणि बाकीचे सोडून दिले.

पण परक्यांच्या साक्षी किती काढाव्यात? ज्या छत्तीसगडाचे पाणी आम्ही पीत आहोत, त्याच्याकडे पाहू. येथे महाभारत गायिले जाते ते पंडवानीच्या रूपाने. तिच्या दोन परंपरा सांगतात: बसून, पोथीच्या आधाराने गाणारी वेदमती आणि उभे राहून, पोथीचा पदर सोडून, स्वतःच्या स्मृतीने व प्रतिभेने खेळविणारी कापालिक. गायकाच्या हातातील तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. गनियारी गावच्या पारधी घराण्यात जन्मलेल्या तीजनबाईंनी, बाईने उभे राहून कापालिक गाऊ नये, हा संकेत मोडला. समाजाने त्यांना वाळीत टाकले. त्यांनी गाणे टाकले नाही; आणि २०१९ साली त्याच बाईला राष्ट्राने पद्मविभूषण दिले. सांगणारा बदलला, सांगणारी उभी राहिली, म्हणून महाभारत बुडाले नाही.

परंतु पंडवानीतील आमचे विशेष लक्ष गायकाकडे नाही. त्याच्या साथीस बसलेल्या 'रागी' नावाच्या माणसाकडे आहे. रागी हुंकार भरतो, कडवे उचलतो, आणि मधूनच विचारतो: मग काय झाले? असे का झाले? कधी तो थट्टा करतो, कधी अविश्वास दाखवितो. श्रोत्यांच्या मनातला प्रश्न तो मोठ्याने बोलतो आणि गायकाला उत्तर द्यावे लागते. ल्योतार यांनी आपल्या अहवालात दक्षिण अमेरिकेतील काशिनाहुआ जमातीच्या कथेकऱ्याचे उदाहरण दिले आहे. तो म्हणतो, मी ही कथा ऐकत आलो आहे, म्हणून सांगतो. ऐकणे हाच त्याचा अधिकार, आणि अशा कथेला निराळा पुरावा लागत नाही. ल्योतार छत्तीसगडच्या मांडवात बसले असते, तर त्यांना कथेकऱ्याशेजारी आणखी एक आसन दिसले असते. ते आसन प्रश्नाचे आहे, आणि ते कथेच्या बाहेर नाही, आत आहे.

आमच्या प्रतिपादनाचे सार या एका आसनात आहे. पुराणकथा आणि तत्त्वज्ञान या दोन शत्रुभगिनी नव्हेत, एकमेकींचे मुखवटेही नव्हेत. कथा सांगणारा आणि विचारणारा ही एकाच मांडवातील दोन आसने आहेत. नचिकेत्याने बापाला तीनदा विचारले, मला कोणाला देणार? बाप चिडला, मुलगा मृत्यूच्या दारी गेला, आणि तेथेही, दुसरे काही माग, हे विचारू नकोस, म्हणणाऱ्या यमापुढे त्याने प्रश्न सोडला नाही. कठोपनिषद ही कथा की तत्त्वज्ञान? याज्ञवल्क्याने गार्गीला बजावले, अतिप्रश्न करशील तर मस्तक गळून पडेल. ती गप्प बसली. पण तीच गार्गी त्याच सभेत पुन्हा उभी राहून दोन प्रश्न बाणांसारखे सोडते, आणि तिला उत्तर मिळते. द्रौपदीने कौरवसभेत विचारलेल्या प्रश्नाला मात्र उत्तर मिळाले नाही. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून हात झटकले. आणि महाभारतकाराने काय केले? पितामहांची अब्रू वाचविण्यासाठी तो प्रश्न गाळला काय? नाही, तो अनुत्तरित प्रश्न त्याने ग्रंथाच्या मध्यभागी तसाच उघडा ठेवला. आमच्या बैठकीतील त्या मुलीने तोच उचलला होता. परंपरेशी प्रामाणिक ती होती, आम्ही नव्हतो.

येथून ७० किलोमीटरांवरच्या राजनांदगावात एका मराठी माणसाने हाच प्रश्न आयुष्यभर जागविला. गजानन माधव मुक्तिबोध. मातृभाषा मराठी, लेखन हिंदी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी व कादंबरीकार. १९५८ साली ते तेथील दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक झाले आणि १९६४ साली वारले. १९६१ साली त्यांनी जयशंकर प्रसाद यांच्या 'कामायनी'वर 'कामायनी: एक पुनर्विचार' हा ग्रंथ लिहिला. पुराणकथा आणि तत्त्वज्ञान यांचा विवाह पाहावा तर 'कामायनी'त. प्रलयातून वाचलेला मनू, श्रद्धा आणि इडा ही वैदिक पात्रे. आणि त्यांवर काश्मिरी शैवांच्या आनंदवादाचा कळस. त्या वैभवापुढे हिंदी जग नतमस्तक असताना मुक्तिबोधांनी रागीचे आसन घेतले. ते म्हणाले, ही वैदिक कथा नव्हे, ही एक विशाल फँटसी आहे. हा मनू आदिपुरुष नव्हे, तो आपल्याच काळातील आत्मकेंद्री माणूस आहे. तो सारस्वत देशात राज्य उभारतो, सत्तेने उन्मत्त होतो, इडेवर हात टाकतो, प्रजा उठते, तो घायाळ होतो. हे सर्व प्रश्न कथेनेच उभे केले. मग उत्तर कोणते? मनूने श्रद्धेसह कैलासाकडे निघून जावे आणि तेथे समरसतेचा आनंद भोगावा! मुक्तिबोधांचा आक्षेप असा की कथेने उभा केलेला प्रश्न तत्त्वज्ञानाने सोडविला नाही, त्याच्यापासून पळ काढला.

वाचकहो, हे मर्म ध्यानी घ्या. येथे दोषी पुराणकथा नाही. ती प्रामाणिक आहे, तिने मनूचा अपराध लपविला नाही. दोषी आहे ते तत्त्वज्ञान, जे कथेचे तोंड मिटविण्यासाठी वापरले गेले. उत्तर-आधुनिक हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी, एका मराठी शिक्षकाने राजनांदगावच्या तळ्याकाठी बसून दाखवून दिले की तत्त्वज्ञानही कथेचा बुरखा पांघरते. पण तेवढ्यावर, सर्वच कथा, असे म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: ही कथा कोणाला सोयीची आहे?

असे विचारण्याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९६२ साली शाळांसाठी लिहिलेल्या त्यांच्या 'भारत: इतिहास और संस्कृति' या पुस्तकावर तत्कालीन मध्यप्रदेश सरकारने त्याच वर्षी बंदी घातली. आमच्या सुविद्य मित्रांना आम्ही नम्रपणे विचारतो, त्या दिवशी तुमचा मंत्र कोणाच्या उपयोगी पडला असता? मुक्तिबोधांच्या? 'तुमचा इतिहास ही तुमची कथा, आमच्या भावना ही आमची कथा. दोन्ही सारख्याच, तेव्हा आता सही आमची,' असे बंदी मागणाऱ्यांनीच म्हटले असते! दुर्बळाजवळ सत्तेविरुद्ध हत्यार एकच असते, ते म्हणजे, 'पण हे खरे आहे काय?' हा प्रश्न. ते हत्यार आपण होऊन टाकून देणे, ही कसली उदारता?

कोणी म्हणेल, मग तुम्ही त्या भाकडकथावाल्यांच्या गोटातले. मुळीच नाही. पुराणकथेला कचऱ्यात टाकणारा आणि तिला देव्हाऱ्यात कुलूप लावणारा, हे दोघे एकाच बाबतीत सहमत आहेत: तिच्याशी बोलायचे नाही. याउलट, गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडविल्या, देवींच्या ठाण्यांपाशी प्राचीन दगडी हत्यारे वेचली, आणि १९६२ सालच्या आपल्या ग्रंथात दैवतकथेतून जुन्या वाटा व जुनी माणसे वर आणली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी ४७ वर्षे शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत द्रौपदीने सभेत केलेला कृष्णाचा धावा मुख्य संहितेतून उतरून तळटीपेत गेला. धावा खाली गेला, पण सभेत विचारलेला तिचा प्रश्न मात्र संहितेत जागच्या जागी राहिला. त्याच मातीतून १९६७ साली इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आले. भीष्मांना जाब विचारणारे ते पुस्तक मराठी घरांनी जाळले नाही, वाचले. साहित्य अकादमीने १९६८ साली गौरविले. आपल्याच घरात अशी चिकित्सेची श्रीमंती असताना, परदेशी मंत्राचे अर्धवट पाठांतर करून प्रश्नाला कुलूप ठोकण्याची गरज आपल्याला का भासावी?

ती गरज का भासते, हे आम्ही जाणून आहोत, कारण आम्हीही त्याच बोटीत आहोत. परमुलखात राहणाऱ्याला आपली कथा फार प्रिय होते. मुले हिंदीत भांडतात, इंग्रजीत शिकतात; मराठीपण म्हणून हाती उरते ते आरती, मोदक आणि आजीने सांगितलेल्या चार गोष्टी. त्यांवर प्रश्नाचा घाव पडला तर उरेल काय, ही भीती खरी आहे. पण अनुभव उलट आहे. ज्या कथेला मुलाने एकदा 'का?' विचारले, ती त्याच्याजवळ जन्मभर राहते; जिला विचारू दिले नाही, ती आरतीच्या ताटाबरोबर कपाटात जाते.

मुक्तिबोधांच्या एका कवितेत गावाबाहेरच्या ओसाड विहिरीत एक ब्रह्मराक्षस राहतो. जगातील सर्व तत्त्वज्ञाने त्याला मुखोद्गत आहेत. तो अंग घासघासून धुतो, तरी मळ जात नाही, कारण त्याचे ज्ञान कोणाच्या कामी आलेले नाही. कवी त्याला हसत नाही. त्याचा शिष्य होऊन त्याचे अपुरे काम पुरे करू इच्छितो. आमच्या दिवाणखान्यांतील पांडित्याची गत त्या ब्रह्मराक्षसासारखी होऊ नये, एवढीच आमची इच्छा. देरिदा आणि ल्योतार मुखोद्गत झाले, आणि घरातल्या मुलीला एका प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर ते ज्ञान विहिरीतच राहिले म्हणायचे.

त्या मुलीचा प्रश्न भीष्मांनी निकाली काढला नाही, आमच्या बैठकीनेही नाही. आमच्या लेखी ते प्रकरण प्रलंबित आहे. पुढील बैठकीत तेच आरंभी घ्यावे, असे आम्ही यजमानांना सुचविले आहे. त्या दिवशी चहा आम्ही आणू. तिने बसावे आणि विचारावे.